डावा कान

त्या दिवशी दुपारच्या बांगेत पहाटेची ओळ आली आणि माझ्या हातातली सुई बोटात घुसली.

आधी नीट सांगते. आमचे हे मशिदीत बांग देतात. एकतीस वर्षं झाली. गल्ली त्यांना बांगीसाहेब म्हणते, मी 'अहो' म्हणते. बांग पाच वेळची, शब्द तेच. फक्त पहाटेच्या बांगेत एक ओळ जास्त असते, दोनदा म्हणायची. तिचा अर्थ, झोपेपेक्षा नमाज चांगली. ती पहाटेलाच शोभते. भर दुपारी, दुकानं उघडी, माणसं कामाला जुंपलेली, आणि लाऊडस्पीकरवरून हे सांगतायत झोपेपेक्षा नमाज चांगली! समोरची इस्त्रीवाली खिडकीतून खदाखदा हसली.

"काय गं, बांगीसाहेब जेवून आडवे झाले होते वाटतं?"

मीही हसले. न हसून सांगते कुणाला? एकतीस वर्षांत ह्यांचा घसा बसला, ताप आला, एकदा दात काढून रक्ताच्या चुळा भरत जाऊन बांग दिली, पण शब्द कधी चुकला नव्हता. मीठ किती घातलं हे विसरणारी मी. शब्द विसरणारे हे नव्हेत.

आमच्या दोन खोल्या मशिदीच्या मागच्या भिंतीला टेकून आहेत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून माईकची छोटी खोली दिसते, हात घातला तर तिथलं बटणही दाबता येईल इतकी जवळ. त्या खिडकीत बसून मी कोटांना बटणं लावते. शर्टांची बटणं मशीन लावतं, पण चांगल्या कोटाचं बटण अजून हातानंच लावतात. सुईत दोरा ओवायचा आणि बांग सुरू झाली की ऐकायचं. ऐकणाऱ्यानं एकेक ओळीला मनात उत्तर द्यायचं असतं. ते म्हणणार, मी मागून म्हणणार. लग्न होऊन आले तेव्हा मला ह्याचा भयंकर राग यायचा. काय हा माणूस, सगळ्या दुनियेची झोपमोड करतो! मग कधी कोण जाणे, त्या आवाजाशिवाय मला जाग येईना. "बांग म्हणजे हुकूम नव्हे गं," हे म्हणायचे, "बोलावणं आहे. नाव न घेता बोलावणं. ज्याला वाटेल की मलाच बोलावलं, त्याला बोलावलं." मी म्हणायची, "मला तर भाकऱ्यांनी बोलावलंय, उठा आधी." पण बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, त्या बोलावण्यावर माझे सगळे दिवस उभे राहिले.

त्या दुपारनंतर मात्र मी मागून उत्तर देईनाशी झाले. मी पुढे पळायला लागले. ते चौथ्या ओळीवर असले की मी पाचवी घेऊन उभी. आली का, आली का, आली. तेवढ्यापुरता जिवात जीव. मग पुढची.

त्याच संध्याकाळी मुलगी आली. एकुलती एक. जावई बेकरीत भट्टीवर असतो, तिला सोडून तो परत गेला. मुलगी दारातच म्हणाली, "अम्मी, तिसरा महिना लागला."

मी तिला जवळ घेतलं. आमच्या घरात ह्या बातमीला हसू लगेच येत नाही. दोन वर्षांमागे तिला आठव्या महिन्यात कळा आल्या होत्या. हे वजू करून, हात-तोंड धुऊन दवाखान्याच्या पडवीत उभे राहिले होते, कारण बाळ आलं की आधी त्याच्या उजव्या कानात बांग द्यायची, डाव्या कानात इकामत. इकामत म्हणजे रांगा लागल्यावर, नमाज अगदी सुरू होण्याआधी म्हणतात ती. नमाज उभी राहिली, असं त्यात सांगतात. ते बाळ रडलंच नाही. श्वासच घेतला नाही त्यानं. जे रडलं नाही त्याच्या कानात बांग नाही, आणि त्याच्या जनाज्याची, मयताची नमाजही नाही, असं मौलवीसाहेबांनी सांगितलं. त्यांचा काय दोष, किताबात असेल ते सांगणार. पण त्या दिवशी मला किताबाचाही राग आला. माझ्याच हातानं शिवलेल्या पांढऱ्या कपड्यात गुंडाळून ह्यांनी त्याला नेलं आणि मोकळ्या हातांनी परत आले. त्यावर घरात पुन्हा कुणी शब्द काढला नाही.

मुलगी जेवायला बसली तेव्हा बापाला म्हणाली, "अब्बा, ह्या वेळी बांग तुम्हीच द्यायची. माझ्या कानात तुम्हीच दिली होती ना?"

"दुसरं कोण देणार?" हे म्हणाले, आणि तोंडभर हसले.

बस. त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं. ह्यांची बांग बाळ येईपर्यंत शाबूत राहावी. सहा महिने. माझं सगळं जगणं त्या सहा महिन्यांवर येऊन बसलं.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा दुपारी पहाटेची ओळ आली. ह्या वेळी इस्त्रीवाली हसली नाही. तिनं इस्त्री उभी ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. संध्याकाळी मौलवीसाहेब आले. भला माणूस, ह्यांच्यापेक्षा वयानं लहान. चपला दाराबाहेर काढून उभेच राहिले.

"भाभी, बांगीसाहेबांची तब्येत बरी आहे ना?"

"रात्रभर खोकला होता. औषधानं गुंगी येते." मी डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं. आयुष्यभर मशिदीच्या भिंतीला पाठ टेकून राहिले आणि तिच्याच आडोशाला खोटं बोलले.

"लोक विचारतात हो. म्हणतात, अवेळी झोपेची ओळ येते, काहीतरी वाईट घडायचं असेल. मी गप्प करतो त्यांना. पण पुन्हा झालं तर मला दुसरं कुणी उभं करावं लागेल."

"नाही होणार," मी म्हटलं.

त्या रात्री मी पट्टी शिवली. जुन्या कोटाचं अस्तर कापलं, वीतभर लांब, दोन बोटं रुंद. त्यावर पंधरा बटणं. बांगेच्या ओळी पंधरा. पहिल्या चार ओळी सारख्या, म्हणून चार मोठी कोटाची बटणं. मग दोन चपटी, दोन लाकडी, दोन शिंपल्याची, दोन खोलगट, मग पुन्हा दोन मोठी, आणि सगळ्यांत शेवटी एक पितळी, कारण शेवटची ओळ एकदाच. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळावं कुठं आलो. पहाटेसाठी वेगळी पट्टी, सतरा बटणांची, त्यात कापड मढवलेली दोन जास्त. ती दाराच्या खिळ्याला. पहाटे मीच हातात द्यायची, आले की मीच काढून घ्यायची.

ह्यांना दाखवली तर बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं रागावतील.

"एवढं कळतंय का गं माझं?" हळूच विचारलं.

"मला कळतंय. दुसऱ्या कुणाला कळू देणार नाही."

त्यांनी पट्टी खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी खिडकीतून बघितलं, एक हात कानाला, दुसरा खिशात, आणि बांग अशी निघाली की इस्त्रीवाली म्हणाली, "आज आवाज काय लागलाय!" मी ताकास तूर लागू दिली नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिला सांगणं म्हणजे माईकवरच सांगणं.

तीन महिने चाललं. पण पट्टी ओळी सांभाळायची, बाकीचं कोण सांभाळणार? चपला फ्रीजवर सापडायच्या. हौदाचा नळ उघडा राहून मशिदीच्या चटया भिजल्या, मी जाऊन पुसल्या. आणि एका सकाळी चहा पिता पिता मला विचारलं, "रडलं का?"

"कोण?"

"रडलं का ते?"

मला वाटलं इस्त्रीवालीचा नातू. "त्याला काय, दिवसभर रडतंच ते," मी म्हटलं. ह्यांनी मान हलवली. बशीतला चहा तसाच राहिला.

मुलगी दर शुक्रवारी यायची. पोट वाढत होतं. खिडकीत माझ्या शेजारी बसून बापाची बांग ऐकायची आणि पोटावर हात ठेवायची. "ऐकतंय बघ," म्हणायची, "अब्बांचा आवाज आला की थांबतं." दर वेळी वाटायचं, सांगून टाकावं. दर वेळी तिचा चेहरा बघून गिळायची. आठवा महिना लागला तेव्हा ती झोपेतून दचकून उठायला लागली होती. तिला कसं सांगणार की तुझ्या बापाचं हे असं आहे?

मग तो सकाळचा प्रकार. दहाला मी कोटांचा गठ्ठा बांधत होते आणि माईक 'टक्' वाजला. कुठल्याही नमाजेची वेळ नव्हती. ह्यांचा घसा खाकरलेला ऐकला आणि माझी पाचावर धारण बसली. खिडकीतून खांद्यापर्यंत हात घातला आणि वायर खेचली. पहिला शब्द गल्लीत गेला, बाकीचे गेले नाहीत. बाहेर इस्त्रीवाली, सायकलवाला, दूधवाला, सगळे भोंग्याकडे बघायला लागले. मी खिडकीतून ओरडले, "माईक तपासतायत! तार सैल झालीये!"

हे बंद माईकसमोर डोळे मिटून उभे होते. खिशात हात. पंधराच्या पंधरा ओळी म्हणाले, रिकाम्या चटयांना. मी खिडकीच्या गजाला धरून ऐकत राहिले. एवढी सुंदर बांग मी कधी ऐकली नव्हती आणि ती संपू नये असं वाटत होतं आणि संपावी असंही. शेवटी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "रडलं का?"

ह्या वेळी इस्त्रीवालीचा नातू नव्हता, एवढं मला कळलं. पण कोण, हे मी स्वतःला विचारलं नाही. विचारायला हवं होतं. एवढी तोंडाळ बाई मी, पण जिथं बोलायला हवं तिथं माझी दातखीळ बसते.

मुलीला कळा दिवस भरल्यावरच आल्या, दुपारी. जावयाचा निरोप आला तसे आम्ही दवाखान्यात. हे पडवीत नळावर वजू करून आले, बाह्या खाली केल्या, आणि दोन वर्षांपूर्वी उभे होते त्याच खांबाशी जाऊन उभे राहिले. मला ते बघवेना. "इकडे बाकावर बसा," म्हटलं, तर ऐकलं नाही.

चारच्या सुमाराला आतून रडणं आलं. चांगलं ठणठणीत, भांडखोर रडणं. जावई तिथंच भिंतीला टेकून खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला. नर्सबाई दार उघडून म्हणाली, "मुलगी आहे. या, पण गलका करू नका." मी वळून ह्यांना म्हटलं, "ऐकलंत ना?" ते खांबाकडे बघत होते. ऐकलं की नाही, कोण जाणे.

खोलीत मुलगी उशीला टेकून बसली होती, घामानं केस चिकटलेले, चेहरा असा उजळलेला की नजर लागेल. बाळ दूध ओढून झोपलं होतं. पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेलं.

"अब्बा, द्या बांग," ती म्हणाली आणि बाळ पुढे केलं.

ह्यांनी दोन्ही हात पुढे केले. आणि तेव्हा मला कळलं मी काय विसरले होते. सहा महिने सगळा विचार केला, पण हा केला नाही. बाळ धरायला दोन हात लागतात. खिशात घालायला तिसरा कुठून आणणार?

मी पुढे झाले. त्यांच्या खिशातून पट्टी काढली आणि कपडा नीट करतेय असं दाखवत बाळाच्या पाठीशी, ह्यांच्या अंगठ्याखाली सरकवली.

"ते काय गं अम्मी?"

"नजरेचं काहीतरी," मी म्हटलं.

ह्यांनी तोंड उजव्या कानाशी नेलं. अंगठा पहिल्या बटणावर. एक, दोन, तीन, चार. चपटी दोन. लाकडी दोन. आवाज एवढा हळू की फक्त त्या कानापुरता. या नमाजेकडे. या कल्याणाकडे. एकतीस वर्षं गल्लीला बोलावणारा आवाज एवढ्याशा कानात मावून बसला होता. मोठी दोन. पितळी. झालं. चुकलं नाही! एक शब्द चुकला नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली. मुलगीही रडत होती. या अल्लाह, मी मनात म्हटलं, आता ह्यांना काहीही विसरू दे, माझं नावसुद्धा विसरू दे.

ह्यांनी बाळाला समोरच्या टेबलावर निजवलं, दुपटं सरळ केलं. मला वाटलं बाजू बदलून घेणार, डाव्या कानासाठी. तर ते दोन पावलं मागे सरकले. टेबलासमोर नीट उभे राहिले. दोन्ही हात कानांपर्यंत नेले.

"अल्लाहु अकबर."

आणि हात बांधले.

आधी मला कळलंच नाही. मग ते पांढऱ्या कपड्यातलं लहानसं गाठोडं दिसलं, त्याच्यासमोर हात बांधून उभा माणूस दिसला. ती जनाज्याची नमाज होती. उभ्यानं पढतात, वाकायचं नाही, चार वेळा अल्लाहु अकबर. तिला आधी बांग नसते. का नसते, ते ह्यांनीच एकदा मुलीला सांगितलं होतं, ती लहान असताना: "कारण तिची बांग जन्मल्यावर कानात दिलेली असते. बांग आणि नमाज ह्यांच्या मधे जेवढा वेळ, तेवढं आयुष्य."

मधला वेळच ह्यांच्या डोक्यातून गेला होता.

मुलीला माझ्या आधी कळलं. "अब्बा!" ती उठायला गेली आणि वेदनेनं तिथंच वाकली. "अम्मी, अब्बा हिची..." पुढचा शब्द तिनं तोंडातून काढला नाही.

ह्यांनी दुसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मी त्यावर हात ठेवला. ज्या तोंडानं एकतीस वर्षं मला उठवलं, ते तोंड मी दाबून धरलं. शब्द माझ्या तळव्यात हलत होता. ते ढकलत नव्हते, रागावले नव्हते. फक्त माझ्याकडे बघत होते, हिला काय झालं असं.

तेवढ्यात बाळ जागं झालं आणि जोरात रडलं.

माझ्या हाताखालचे ओठ थांबले. मी हात काढला.

"रडलं का?" हे म्हणाले.

आणि मला सगळं कळलं. चहाच्या बशीपाशी, बंद माईकपाशी हे कोणाबद्दल विचारत होते ते. समोर टेबलावर ही पोरगी नव्हतीच त्यांच्यासाठी. त्यांनी दोन वर्षांपूर्वीचं ते बाळ हातात घेतलं होतं. ज्याला बांग मिळाली नाही आणि नमाजही मिळाली नाही, त्याला ते दोन्ही देत होते. मी मेली भांडी घासत बसले, कोट शिवत बसले, आणि हा माणूस दोन वर्षं एकटा त्या खांबाशी उभा होता.

"रडलं हो," मी म्हटलं. "रडतंय बघा. जिवंत आहे."

ते खुर्चीत बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. जावई दारात दगड होऊन उभा होता.

मुलीनं बाळाला छातीशी धरलं होतं. खाली पडलेली पट्टी तिनं उचलली, बटणांवरून बोट फिरवलं. मोजली असणार, बांगीसाहेबांची मुलगी ती.

"कधीपासून, अम्मी?"

"तू बातमी घेऊन आलीस त्या दिवसापासून."

मला वाटलं आता मला वाटेल ते बोलेल, आणि तिचा हक्कच होता. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "डावा कान राहिलाय. अब्बांनाच देऊ दे. तू सांगत जा त्यांना."

"नको," मी म्हटलं. "राहू दे."

इकामत झाली की लगेच नमाज उभी राहते. मला त्या खोलीत ती ऐकायची नव्हती.

आता बाळ चार महिन्यांचं आहे. बांग दुसरा देतो, तरणा आहे, आवाज चांगला आहे, घाई फार करतो. हे खिडकीत माझ्या शेजारी बसतात, पट्टीवरून अंगठा फिरवत एकेक ओळीला उत्तर देतात. मौलवीसाहेब म्हणतात, "भाभी, दोन मिनिटांचं काम, मी देतो डाव्या कानात." मी म्हणते, बघू. त्यांना वाटतं बाई हट्टी आहे. आहेच मी हट्टी.

काल मुलगी बाळाला ठेवून आत पाणी प्यायला गेली. मी कोटाचं बटण लावत होते. वर बघितलं तर ह्यांनी नातीला मांडीवर घेतलं होतं आणि वाकून तोंड तिच्या कानाशी नेलं होतं. डाव्या. कोट, सुई, सगळं टाकून मी धावले. ओठ हलायच्या आत तिचं डोकं हळूच फिरवलं आणि उजवा कान पुढे केला.

"इकडून हो," मी म्हटलं. "पुन्हा पहिल्यापासून."